मुलगा गप्प झाला तेव्हा

आपल्या घरांत मुलगी मोठी होऊ लागली की आई, खाला, फुफी, आजी असा सगळा गोतावळा तिच्याभोवती जमतो. पाळी म्हणजे काय, त्या दिवसांत नमाज माफ असते, सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे, हे तिला कुणी ना कुणी सांगतेच. मुलाला मात्र कुणी काही सांगत नाही. ‘मुलगाच तो, शिकेल आपोआप’ असे म्हणून आपण मोकळ्या होतो. मीही झाले होते.

माझा थोरला तेरा वर्षांचा असताना एकाएकी फजरला उठेनासा झाला. त्याआधी रोज मामूबरोबर मशिदीत जाणारा मुलगा! त्याचे अब्बा कुवेतला. घरात मी, सासूबाई आणि तीन मुले. मी हाका मारायची, तो चादर डोक्यावरून ओढून घ्यायचा. चादर ओढली तर अंगावर धावून यायचा. सुरुवातीला समजावले, मग टोमणे सुरू झाले. ‘रात्रभर मोबाइल पाहतोस, सकाळी कुठून जाग येणार?’ हे मी सासूबाईंसमोर बोलले, त्याच्या बहिणीसमोर बोलले. फोनवर अब्बांकडे तक्रार केली; त्यांनीही तिकडून दम भरला. असे दोन महिने गेले. तो घरात बोलेनासा झाला. मधूनच आपली चादर आपण धुवायला लागला आणि मला, खरे सांगते, त्याचे कौतुकच वाटले!

शेवटी माझा भाऊ त्याला एका रविवारी खाडीवर गरी टाकायला घेऊन गेला. मासे काही मिळाले नाहीत. पण संध्याकाळी भाऊ स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, “आपा, पोरगा बालिग झालाय. त्याला वाटत होते, आपल्याला काहीतरी रोग लागलाय. नापाक अंगाने मशिदीत कसे जायचे म्हणून जात नव्हता. गुस्ल कसा करतात, हेच त्याला कुणी सांगितलेले नाही.”

नमाजचा अदब राखण्यासाठी जो नमाजपासून लांब राहत होता, त्याला मी दोन महिने आळशी म्हणत होते.

भगिनींनो, मुलांच्या शरीरातले हे बदल साधारण नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान सुरू होतात. म्हणून दहाव्या-अकराव्या वर्षीच बोलायला हवे, आवाज फुटायची वाट पाहू नये. सांगायचे थोडकेच असते. झोपेत कधीकधी कपडे ओले होतात. ते लघवी नव्हे, आजार नव्हे, त्यात गुनाहही नाही. उठल्यावर गुस्ल केला की माणूस पाक होतो. गुस्लची रीत घरातल्या पुरुषाने नीट समजावून द्यावी. अब्बा परदेशी असतील तर व्हिडिओ कॉलवर दोघेही लाजतात. त्यापेक्षा अब्बांनी आवाजात निरोप पाठवावा, मुलगा तो एकटा ऐकेल. अब्बा नसतील तर मामू, चाचा. तेही नसतील तर आई.

आईने कसे बोलावे, असा संकोच वाटतो ना? हजरत अनस (रजि.) यांच्या आई उम्मे सुलैम (रजि.) यांनी तर स्त्रियांच्या याच बाबतीतला प्रश्न थेट प्रेषितांना (स.) विचारला होता, आणि सत्याच्या बाबतीत अल्लाह संकोच करत नाही, असे आधी म्हणून विचारला होता. त्यांना उत्तर मिळाले, ओरडा नाही.

समोर बसवून ‘आज तुला एक सांगायचंय’ म्हटलेत तर मुलगा पळेल. लसूण सोलायला बसवा. हात कामात आणि नजर खाली असली की मुलगे बोलतात, हा माझा अनुभव. बाकी सोयी साध्या आहेत. न्हाणीघराची कडी नीट लागते ना, पाहा. त्याचा टॉवेल, त्याचे कपडे वेगळे ठेवा. थंडीत पहाटे गरम पाणी मिळेल असे करा. आणि ‘आज एवढ्या लवकर आंघोळ कशी?’ हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही, आजीनेसुद्धा. आमच्याकडे हे शेवटचे सर्वांत अवघड गेले.

मुलगा गप्प होण्यामागे दर वेळी हेच कारण असेल असे नाही. कुणी त्याच्या अंगाला वाईट हेतूने हात लावलेला असू शकतो. मुलग्यांच्या बाबतीतही असे घडते आणि करणारा बहुधा ओळखीचाच असतो. एखाद्या माणसाचे नाव निघताच मुलगा आक्रसत असेल, कुठे जायला एकदम नकार देत असेल, तर जबरदस्ती करू नका. त्याने सांगितले तर आधी विश्वास ठेवा. 2012 चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलींसारखाच मुलग्यांनाही लागू आहे. मदतीसाठी 1098 या क्रमांकावर फोन करता येतो.

मी थोरल्याची माफी मागितली. ‘असू दे अम्मी’ एवढेच म्हणाला आणि उठून गेला. यंदा धाकटा अकराचा झाला. लसूण सोलता सोलता त्याला सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, “भाईला पण झालं होतं?”

“त्यालाच विचार,” मी म्हटले.

काय बोलले दोघे, मला ठाऊक नाही. थंडी पडल्यापासून रात्री बंब भरून ठेवायचे काम मात्र थोरल्याने स्वतःकडे घेतले आहे.