वहीच्या समासातले हसू

परीक्षेचा शेवटचा टोल पडतो, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधले जातात, विद्यार्थी निघून जातात आणि बाकांवर काही प्रश्नपत्रिका तशाच पडून राहतात. पर्यवेक्षक या नात्याने त्या गोळा करण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर गेली पंधरा-सोळा वर्षे येत आहे. या प्रश्नपत्रिकांच्या समासात एक वेगळाच पेपर सोडविलेला असतो. चलनवाढीच्या प्रश्नाशेजारी एखादा फुगेवाला स्वतःच फुगून आकाशात चाललेला दिसतो. बँकांच्या पतनिर्मितीवरील प्रश्नाखाली एका कोंबडीच्या पोटातून दुसरी आणि दुसरीच्या पोटातून तिसरी निघालेली असते. पर्यवेक्षकांच्या पोटाचा घेर तर प्रत्यक्षाहून कितीतरी उदारपणे रेखाटलेला असतो. तीन तासांच्या परीक्षेत ज्यांची उत्तरे दोन तासांत आटोपतात, त्यांना उरलेला तास बसून काढावा लागतो. ही चित्रे त्या तासाची निपज होत.

अशी चित्रे विद्यार्थीच काढतात असे मात्र नव्हे. मोंढ्यात लिलाव सुरू होण्याची वाट पाहणारा मुनीम हिशेबाच्या कागदाच्या पाठीवर समोरच्या हमालाची मिशी काढीत असतो. संगणक बंद पडल्यामुळे हात बांधून बसलेला बँकेतील कारकून, लांबलेल्या सभेत कार्यक्रमपत्रिकेवर वक्त्याचे नाक लांबवीत नेणारा अधिकारी, ही सारी एकाच पंथाची माणसे. सर्वांची रीतही एकच. चित्र पुरे होते न होते तोच कागद चुरगाळला जातो, किंवा वही झटकन मिटली जाते. हा कागद चुरगाळला जाऊ नये, तो चार जणांच्या हाती जावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत बनण्यास एक प्रसंग कारण झाला. तो सांगणे फारसे भूषणावह नसले तरी आवश्यक आहे.

एका कात्रीची कथा

बऱ्याच वर्षांपूर्वी एका वर्गात मी मागणी आणि पुरवठा यांचे वक्र समजावून देत होतो. फळ्यावर दोन रेषा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. मागच्या बाकावर खुदखुद ऐकू आली. एक वही या हातातून त्या हातात फिरत होती. ती मी मागून घेतली. वहीत माझ्याच आकृतीतील त्या दोन रेषांना खाली दोन कड्या जोडून त्यांची कात्री केलेली होती. कात्री ज्याच्या हाती होती त्या शिंप्याला माझा चष्मा होता आणि माझे टक्कलही होते. समोर कापसाचे बोचके घेतलेला शेतकरी उभा होता आणि शिंपी त्याचा सदरा कापून कापून आखूड करीत होता. वर्ग हसला. मी हसलो नाही. ते पान फाडून घेतले, त्या मुलाला उभे केले आणि शिकण्याची लायकी, आईबापांचे कष्ट इत्यादी विषयांवर जे बोलावयाचे ते बोललो.

घरी आल्यावर ते पान पुन्हा पाहिले. आल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मूल्य कशाने ठरते हे सांगताना नेमका कात्रीचाच दाखला दिला आहे. कागद वरचे पाते कापते की खालचे, हा वाद जसा व्यर्थ, तसा मूल्य उपयुक्ततेने ठरते की उत्पादनखर्चाने, हाही वाद व्यर्थ, असे त्याचे म्हणणे. त्या मुलाने मार्शलचे नावही ऐकलेले नव्हते; तो धडा पुढल्या आठवड्यात यावयाचा होता. एवढेच नव्हे, तर मार्शलने जे सांगितले नाही तेही त्याने चित्रात घातले होते. दोन पात्यांच्या मध्ये सापडतो कोण, हा तो प्रश्न. सुगीच्या दिवसांत बाजारात आवक वाढते, भाव पडतो आणि शेतकरी अक्षरशः कात्रीत सापडतो. परीक्षेत या मुद्द्यावर पानेच्या पाने भरणाऱ्यांपैकी किती जणांना तो इतका स्वच्छ दिसला असेल, याबद्दल मला शंका आहे.

तो मुलगा अलीकडे मोंढ्यात भेटला. आता तो एका अडत दुकानात मुनीम आहे. बोलता बोलता मी विचारले, "काय रे, चित्रे अजून काढतोस का?" तो हसून म्हणाला, "नाही सर. त्या दिवसापासून वहीला समास सोडायचाच बंद केला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या मनातून मात्र ते वाक्य जात नाही.

पहिली नजर

फावल्या वेळातील रेघोट्यांतून पुढे काय निर्माण होईल हे रेघोट्या काढणाऱ्याला ठाऊक नसते. पुष्कळदा ते ठरते, तो कागद पहिल्यांदा कोणाच्या नजरेस पडला यावर. रवींद्रनाथ ठाकूर कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडून त्यांतून चित्रविचित्र पक्षी आणि मुखवटे तयार करीत. १९२४ साली अर्जेंटिनात व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने वहीतील ती खाडाखोड पाहिली आणि तिचे मोल ओळखले. १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेही तिच्याच खटपटीने. त्या वेळी कवीने सत्तरी गाठत आणली होती. उलट उदाहरण आर. के. लक्ष्मण यांचे. लहानपणी शाळेत त्यांनी काढलेले पिंपळाचे पान शिक्षकांनी वाखाणले. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेने मात्र त्यांना प्रवेश नाकारला. १९५१ पासून चौकड्यांचा कोट घातलेला त्यांचा सामान्य माणूस देशभर पोहोचला, त्यामागे कलाशाळेच्या पत्रापेक्षा त्या पिंपळपानाच्या कौतुकाचा वाटा अधिक असावा, असे मानावयास जागा आहे.

मराठीपुरते बोलावयाचे तर वसंत सरवटे यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. व्यवसायाने ते इंजिनिअर, ए.सी.सी. या सिमेंट कंपनीत नोकरीला. नोकरी सांभाळून त्यांनी जी रेषा जोपासली तिने मराठी मध्यमवर्गाला आरसा दाखविला आणि 'ललित' मासिकातील जयवंत दळवींच्या 'ठणठणपाळा'ला रूप दिले. मंगेश तेंडुलकर तर आपली व्यंगचित्रे घेऊन चक्क रस्त्यावर उतरले. दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या नळस्टॉप चौकात उभे राहून वाहतुकीच्या नियमांवरील स्वतः काढलेली चित्रे ते वाहनचालकांच्या हाती देत. सरवटे २०१६ साली गेले, तेंडुलकर २०१७ साली. प्रत्येक कारकून सरवटे होईल असा दावा कोणी करणार नाही. परंतु कागद दुसऱ्याच्या हाती गेल्याखेरीज सरवटेही सरवटे झाले नसते, एवढे निश्चित.

किंमत आणि मूल्य

अर्थशास्त्राचा अध्यापक अशा विषयावर लिहितो म्हटल्यावर या साऱ्यातून उत्पन्न काय, असा प्रश्न येणारच. प्रश्नपत्रिकेच्या समासातील चित्राला बाजारभाव नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजदादीत ते कोठेही येत नाही. परंतु किंमत आणि मूल्य या एक गोष्टी नव्हेत, हे ॲडम स्मिथने १७७६ सालीच पाणी आणि हिरा यांच्या उदाहरणाने दाखवून दिले आहे. शिवाय या वस्तूचा एक गुण विलक्षण आहे. भाकरी दोघांत वाटली की अर्धी होते. विनोद दहा जणांत वाटला तरी पहिल्याच्या वाट्याचे हसू घटत नाही, उलट वाढते. ज्या वस्तूंचा उपभोग एकाने घेतल्याने दुसऱ्याचा कमी होत नाही, अशांचा शास्त्रशुद्ध विचार पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ साली मांडला. अशा वस्तू बाजार आपण होऊन पुरेशा पुरवीत नाही. त्यांसाठी समाजाला काही व्यवस्था करावी लागते.

राहता राहिला वेळेच्या अपव्ययाचा आक्षेप. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील जॅकी अँड्रेड यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात पाहण्याजोगा आहे. ४० जणांना दूरध्वनीवरील एक कंटाळवाणा निरोप ऐकविण्यात आला. त्यांतील निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरील आकार पेन्सिलीने भरीत राहण्यास सांगितले होते. त्यांना उरलेल्यांपेक्षा २९ टक्के अधिक माहिती आठवली. एका छोट्या प्रयोगावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, हे मान्य. पण मागच्या बाकावर रेघोट्या ओढणारा मुलगा ऐकत नाही असे गृहीत धरणाऱ्या आम्हां शिक्षकांना तो थोडा विचार करावयास लावतो. माझ्या वर्गातील तो मुलगा तर निश्चितच ऐकत होता.

भीती आणि मर्यादा

वही मिटली जाते ती आळसाने नव्हे, भीतीने. ही भीती अगदीच निराधार नाही. २०१२ च्या एप्रिलमध्ये जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक अंबिकेश महापात्र यांना, पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांच्यावरील एक विनोदी चित्र ई-मेलने इतरांना पाठविल्याबद्दल अटक झाली. ज्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ चा आधार घेण्यात आला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली घटनाबाह्य ठरविले. तरीही प्राध्यापकमहाशयांची खटल्यातून सुटका व्हावयास २०२३ चा जानेवारी उजाडला. एका चित्रापायी जवळजवळ अकरा वर्षे! ही बातमी वाचणारा कारकून आपला कागद चुरगाळणार नाही तर काय करील?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आठ मित्रांसाठी काढलेले चित्र आज कोणीतरी मोबाइलवर टिपतो आणि तासाभरात ते जिल्हाभर होते. ज्यांना त्यातील माणूस ठाऊक नाही, प्रसंग ठाऊक नाही, त्यांच्यापर्यंत फक्त टवाळी पोहोचते. रंग, जात, बोलीचा हेल, शरीरातील व्यंग यांवर रेखाटलेले चित्र तर आठ जणांतही विनोद राहत नाही. ज्याला उलट चित्र काढता येणार नाही अशा दुबळ्याची थट्टा ही थट्टाच नव्हे.

मात्र यावरून थट्टाच नको असे ठरविणे आम्हां मराठवाडेकरांना शोभणार नाही. शेजारच्या पैठणच्या एकनाथांनी जोशी, भुत्या, आंधळा अशी सोंगे घेऊन भारुडांतून भल्याभल्यांचा दंभ उघडा केला आणि लोकांनी ती भारुडे सोळाव्या शतकापासून आजवर जपली. जालन्यात धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक निघते तेव्हा अधिकारी, व्यापारी, हमाल सारेच एका रंगात न्हाऊन निघतात आणि त्याने कोणाची प्रतिष्ठा कमी झाल्याचे ऐकिवात नाही. वर्षातील एक दिवस जे चालते त्याला उरलेल्या दिवसांत एखादा कोपरा मिळावा, इतकेच मागणे आहे.

एक फळा, चार टाचण्या

हा कोपरा पूर्वी होता. महाविद्यालयांतून भित्तिपत्रक निघे, हस्तलिखित निघे. आज पुष्कळ ठिकाणी भित्तिपत्रकाच्या काचेच्या पेटीत परिपत्रके लटकलेली दिसतात. ती पेटी पुन्हा उघडावी. खर्च म्हणाल तर एक फळा, चार टाचण्या आणि पाठकोरे कागद. नियम तीनच असावेत. नाव घालणे ऐच्छिक. चित्राचा फोटो काढून बाहेर पाठविणे वर्ज्य. आणि थट्टा करावयाची ती आपल्यापेक्षा समर्थाची किंवा स्वतःची. पहिल्या अंकात प्राचार्यांचे आणि प्राध्यापकांचे चित्र यावे, म्हणजे भीती आपोआप मोडेल.

कारखान्यांनाही हे अशक्य नाही. किर्लोस्करवाडीत १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले ते मुळात कारखान्याची माहिती देण्यासाठी. शं. वा. किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रकार. त्यांच्या हाती ते पत्र वाढत वाढत महाराष्ट्रातील घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळ्यांचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. भट्टीसमोर पाळी करणाऱ्या कामगाराला मुकादमाचे चित्र काढावेसे वाटत नसेल, असे मानण्याचे कारण नाही. ते चित्र मुकादमाने पाहिले आणि तोही हसला, तर त्या कारखान्यातील पुष्कळ तक्रारी चिघळण्यापूर्वीच बोलल्या जातील.

त्या कात्रीचे पान मी जपून ठेवले आहे. येत्या जूनमध्ये भित्तिपत्रकाचा पहिला अंक निघावयाचा आहे. त्यात ते लावावे असे मनात आले. म्हणून परवा पुन्हा मोंढ्यात गेलो, झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि त्याची संमती मागितली. त्याने पान हाती घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "लावा सर, पण शिंप्याचे नाक तेव्हा चुकले होते. ते आधी नीट करून देतो." येत्या रविवारी तो पेन्सिल घेऊन घरी येणार आहे. नाक त्याला समोरून पाहावयाचे आहे.