आकाशातील अंतर आणि घरापासूनचा प्रवास

सोलापूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ३६० किलोमीटर भरते. सडकेने जाणाऱ्यास हेच अंतर चारशेच्या घरात पडते. कारण सडकेला घाट उतरावा लागतो, गावे जोडावी लागतात. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणी टाचण्या टोचून मध्ये दोरा ताणला, म्हणजे जी रेषा मिळते ती विमानाची जवळची वाट होय.

आता वेळेचा हिशेब पाहू. विमानाचा वेग ताशी ६०० किलोमीटर धरला, तर हे अंतर ३६ मिनिटांत तुटेल. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर ४० मिनिटे लागतील. तोच पाठीशी असेल तर ३३ पुरतील. परंतु विमान धावपट्टीवर येणे, उंची गाठणे आणि पुन्हा खाली उतरणे यांत पूर्ण वेग मिळत नाही. शिवाय ते ठरलेल्या हवाई मार्गाने जाते व गर्दीच्या विमानतळावर त्यास थांबावेही लागते. म्हणून वेळापत्रकात साधारण एक तास धरणे शहाणपणाचे.

सोलापूरहून ९ जून २०२५ रोजी गोव्यास आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईस विमानसेवा सुरू झाली. समजा, इंदापूर तालुक्यातील वरकुटे गावच्या एखाद्या गृहस्थाचे वडील मुंबईच्या इस्पितळात आहेत आणि त्यास तातडीने तिकडे पोहोचावयाचे आहे. त्याने विमान धरावे काय?

इंदापुराकडून सोलापूर सुमारे ११० किलोमीटर. म्हणजे दोन तास. तपासणी व प्रतीक्षा यांस दीड तास, उड्डाणाचा एक तास आणि मुंबईत उतरून बाहेर पडण्यास अर्धा तास. एकूण पाच तास झाले. मोटारीने थेट निघाला असता तो साडेपाच-सहा तासांत इस्पितळाच्या दारी पोहोचला असता. लाभ जेमतेम तासाभराचा. आणि विमानतळापासून इस्पितळापर्यंतच्या वाटेवर तोही बहुधा खर्ची पडावयाचा. मौजेची गोष्ट अशी की, सोलापूर-मुंबई ही सरळ रेषा इंदापूर तालुक्यावरूनच जाते. म्हणजे जे घर त्याने सकाळी सोडले, त्याच मुलखावरून तो तीन-चार तासांनी पुन्हा पुढे जाणार!

सोलापूर शहरात राहणाऱ्याची गोष्ट निराळी. त्यास मोटारीने सात-आठ तास लागतात. विमानाने सारे धरून साडेतीन. त्याचा निम्म्याहून अधिक वेळ वाचतो.

तात्पर्य, दोन विमानतळांमधील अंतर हा प्रवासाचा केवळ मधला भाग होय. अडचणीच्या प्रसंगी तिकीट काढण्यापूर्वी आपल्या उंबरठ्यापासून इष्ट स्थळाच्या उंबरठ्यापर्यंतची बेरीज कागदावर मांडावी. विमान किती वेगाने जाते, यापेक्षा आपण केव्हा पोहोचतो, हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.