वाटीतलं काळं तूप

उन्हाळ्यात रात्रीची जेवणं आटोपली की आमची आजी काशाची वाटी काढायची. तळपायाला तूप चोपडायचं आणि वाटीचं बूड त्यावर गोल गोल फिरवत बसायचं. पाचेक मिनिटांत तळपाय आणि वाटी दोन्ही काळेकुट्ट. "बघ, किती उष्णता होती अंगात!" असं म्हणत ती ते काळं जुन्या धडप्यानं पुसून काढायची. मला हा पुरावा बिनतोड वाटायचा. डोळ्यांची जळजळ थांबे, झोप लगेच लागे, आणि निघालेली उष्णता तर धडप्यावर दिसतच होती.

काशात तांबं आणि कथील असतं. घासताना धातूचे बारीक कण सुटतात, तुपातल्या आम्लांशी आणि पायाच्या घामाशी त्यांचा संयोग होतो आणि ते काळं पडतं. दिवाळीत पितळी समई पुसणारा कपडाही असाच काळा होतो. तेव्हा समईची उष्णता बाहेर पडली, असं कुणी म्हणत नाही.

ही समजूत आजीबरोबर गेली असती तर तिच्यावर लिहायचं कारण नव्हतं. पण ती आता वीज लावून परत आली आहे. प्रदर्शनांत, मॉलमध्ये एक यंत्र असतं. मिठाच्या पाण्याच्या टबात पाय सोडून बसायचं, अर्ध्या तासात पाणी तपकिरी होतं आणि विक्रेता सांगतो, हे तुमच्या शरीरातले 'टॉक्सिन्स'. पाण्यात बुडवलेल्या लोखंडी पट्ट्या विजेच्या प्रवाहानं गंजतात, त्याचा तो रंग. पाय न घालता यंत्र चालू केलं तरी पाणी तपकिरीच होतं. आजीची वाटी निदान फुकट होती.

मालिशीबद्दलच्या बहुतेक गैरसमजांच्या मुळाशी एकच चित्र आहे: शरीर म्हणजे ओला कपडा आणि मालिश म्हणजे पिळणं. पिळलं की आतलं वाईट बाहेर. कुणी त्याला उष्णता म्हणतं, कुणी वात, कुणी टॉक्सिन्स, आणि जिममध्ये जाणारे म्हणतात लॅक्टिक ॲसिड.

या शेवटच्या समजुतीचं घराणं मोठं आहे. स्नायूंतली उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरच्या कामासाठी ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं. त्यानंतर हे आम्ल जे खलनायक ठरलं ते ठरलंच. प्रत्यक्षात व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात ते रक्तातून ओसरतं. त्यातलं बरंचसं हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरून टाकतात. रविवारी सिंहगड चढून आलेल्या माणसाच्या मांड्या खऱ्या ठणकतात त्या सोमवार-मंगळवारी. तोवर लॅक्टिक आम्लाचा मागमूसही उरलेला नसतो. ते दुखणं असतं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या अतिसूक्ष्म इजांचं आणि त्या भरून येताना येणाऱ्या सुजेचं. तेही चढण्यापेक्षा उतरण्यानं जास्त, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो.

कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठात २०१० साली हे तपासलं गेलं, तेव्हा निष्कर्ष उलटाच निघाला. थकलेल्या हाताची मालिश चालू असताना दाबामुळे रक्तप्रवाहाला अडथळा येत होता आणि आम्ल निघून जायला उलट उशीर लागत होता. दोन वर्षांनी कॅनडातल्याच मॅकमास्टर विद्यापीठातल्या मंडळींनी अकरा तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाची दहा मिनिटं मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतले स्नायूंचे तुकडे काढून पाहिले. मालिश झालेल्या पायात सूज वाढवणारे संकेत कमी होते. लॅक्टिक आम्लात मात्र फरक नव्हता. म्हणजे गुण आला होता, पण आपण ज्या खात्यावर तो मांडत होतो ते खातं चुकीचं होतं.

तसंच मालिशीनंतर तांब्या तांब्या पाणी पिण्याचं. तहान लागली तर प्यावं. पण सुटलेली विषं धुऊन काढायला म्हणून नको. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात, त्यांना मालिशवाल्याची वाट पाहावी लागत नाही.

मग आजीची झोप? ती अगदी खरी होती. गुडघा टेबलावर आपटला की आपण पहिल्यांदा काय करतो? चोळतो. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली यामागची कल्पना मांडली: वेदनेची वार्ता मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एक फाटक लागतं, आणि स्पर्शाच्या संवेदना तिथं गर्दी करून ते काहीसं लोटून घेतात. पुढच्या संशोधनानं या चित्रात बरीच भर घातली, पण चोळल्यानं बरं का वाटतं, हे समजायला ते अजून पुरेसं आहे.

त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे आपल्या केसाळ त्वचेत काही मज्जातंतू केवळ हळुवार स्पर्शासाठीच असतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या वेगानं हात फिरला की ते सर्वाधिक जागे होतात. त्याहून भराभर किंवा अगदी रेंगाळत फिरला तर त्यांचा प्रतिसाद घटतो. रडणाऱ्या नातवाच्या पाठीवरून आजी ज्या वेगानं हात फिरवते, तो साधारण हाच. पिळण्याचं काम इथं नाहीच. मालिश स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेशी बोलते.

हे एकदा पटलं की 'दुखलं म्हणजे लागू पडलं' या समजुतीतली हवाच जाते. तालमीतले वस्ताद मांडीवर उभं राहून रगडतात, ते सहन करणारा गडी वेगळा आणि दिवसभर संगणकासमोर बसलेला पंचेचाळिशीचा माणूस वेगळा. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना दुखण्याचं नेमकं ठिकाण शोधून, त्या ऊती मोकळ्या करणारी तंत्रशुद्ध मालिश दिली, काहींना नुसती सैलावणारी साधी मालिश. दहा आठवड्यांनी दोन्ही गट नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरे होते, आणि आपसांत जवळपास सारखे. ज्या दाबानं श्वास रोखला जातो आणि मुठी आवळल्या जातात, तो स्नायूला सैल करत नाही, सावध करतो. दुसऱ्या दिवशी अंगावर काळेनिळे डाग उमटले तर ती केशवाहिन्या फुटल्याची खूण, कौतुकाची नव्हे.

दाबाचं झालं, आता नुसता पाय लावून उसण उतरवणाऱ्या पायाळू माणसाबद्दल. आमच्या वाड्यात एक काकू पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या. कंबरेत उसण भरली की लोक त्यांच्याकडे येत. काकू लाजत लाजत कंबरेला तीन वेळा पाय लावायच्या आणि माणूस दोन दिवसांत चालू लागायचा. उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण उतरते, आणि माणूस उपाय शोधायला निघतो तो नेमका दुखणं टोकाला गेल्यावर. तिथून पुढं उतारच. त्या उताराचं श्रेय काकूंच्या पायाला, तेलाला किंवा महागड्या स्पाला, जो त्या वेळी हजर असेल त्याला मिळतं.

उसणीचं हसण्यावारी नेता येतं. तान्ह्या बाळाचं तसं नाही. बाळंतिणीच्या घरी सव्वा महिना येणारी मालिशवाली बाई हा आपल्याकडचा एक भक्कम आधार आहे. तिचा हात सराईत असतो आणि आईला त्या तासाभरात टेकायला मिळतं. मालिशीचा फायदाही पक्का आहे. टिफनी फील्ड यांनी १९८६ साली अमेरिकेत अकाली जन्मलेल्या बाळांना दहा दिवस, रोज तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मालिश दिली. त्या बाळांचं वजन इतरांपेक्षा दिवसाला ४७ टक्के अधिक वाढलं. आपल्या मुंबईतल्या शीवच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही, खोबरेल तेलानं मालिश केलेल्या अकाली बाळांची वजनवाढ खनिज तेलाच्या गटापेक्षा सरस होती.

पण त्याच पाटावर दुसरंही बरंच चालतं. नाक सरळ व्हावं म्हणून चिमटीत धरून ओढणं. नाकाचा आकार आईबापांकडून येतो. डोकं गोल व्हावं म्हणून दाबणं, जे बाळ वाढताना बहुधा आपोआप गोलावतं. पाय सरळ व्हावेत म्हणून ताणून बांधणं. बाळाचे पाय आईच्या पोटात दुमडून बसल्यामुळे वाकलेले दिसतात आणि साधारण दीड-दोन वर्षांत आपसूक सरळ होतात. अंगावरची लव जावी म्हणून डाळीच्या पिठानं रगडणं. ती लव काही आठवड्यांत गळणारच असते, पिठानं फक्त कातडी सोलवटते. कानात-नाकात तेल सोडणं तर धोक्याचं: नाकातलं तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे छातीतलं दूध पिळून काढणं. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती, मुलगा असो वा मुलगी, थोडी सुजते, कधी थेंबभर दूधही येतं. हात न लावता ते ओसरतं. पिळलं तर जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकतं. मालिशवाल्या मावशींना हे गोडीत सांगावं लागतं. "डॉक्टरांनी ओरडून सांगितलंय हो" हे वाक्य सहसा कामी येतं.

मोठ्या माणसांपुरते दोन धोके लक्षात ठेवले तरी पुष्कळ. पहिला सलूनमधला. दाढी झाली, डोक्याला तेल झालं की दादा हनुवटी धरून मान कटकन फिरवतो. तो आवाज हाडाचा नसतो, सांध्यातल्या द्रवात अचानक पोकळी तयार होण्याचा असतो. बोटं मोडण्याचा आवाजही हाच. डोनाल्ड उंगर नावाच्या डॉक्टरनं साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडून दोन्ही हात सारखेच निरोगी असल्याचं जाहीर केलं आणि २००९ साली त्याला गमतीचं इग नोबेल मिळालं. बोटांचं ठीक आहे, पण मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिण्या आहेत. झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर क्वचित फाटतं, तिथं गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. तेव्हा चंपी खुशाल घ्या, मानेची पाळी आली की हात वर करा.

दुसरा धोका पायाचा. प्लास्टर काढल्यावर, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा खूप लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिथं तेलाचा हात लावू नये. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि त्यानं माणूस दगावूही शकतो. हे आधी डॉक्टरांना दाखवायचं.

मालिशीचा खरा लाभ घ्यायचा तर आधी तोंड उघडावं. आपल्याकडे मालिशीला आडवा झालेला माणूस भिडेखातर कळा सोसत पडून राहतो. जोर जास्त होतोय, इथं नको, थोडं हळू, हे सांगणं म्हणजे समोरच्याच्या कौशल्याचा अपमान नव्हे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेहानं पाय बधिर असतील, ठिसूळ हाडं असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर ते सुरुवातीलाच सांगावं. ताप असताना आणि भरल्या पोटी मालिश नको. वाग्भटानंही अजीर्ण झालेल्याला अभ्यंग वर्ज्य सांगितलाय.

तेल कोणतं, यावर घराघरांत भांडणं आहेत. तेल हाडात मुरतं असं म्हणतात, पण ते कातडीच्या वरच्या थरांपलीकडे फारसं जात नाही. तेलाचं काम मुख्यतः हात सरकवण्याचं. तेव्हा कातडीला मानवेल ते, कोमट करून. पोट मात्र कुठल्याच तेलानं उतरत नाही, चरबीला चोळल्याचं कळत नाही.

दोन महिन्यांतून एकदा दीड तास रगडून घेण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा घरच्या माणसाकडून पंधरा मिनिटं हात फिरवून घेतलेला मला तरी जास्त मानवतो. फोन दुसऱ्या खोलीत. झाल्यावर लगेच ताडकन उठायचं नाही, कारण सैलावलेल्या अंगात रक्तदाब थोडा उतरलेला असतो आणि घेरी येते. कुशीवर वळावं, बसावं, मग उभं राहावं. आणि तळपायाला तेल-तूप लावलं असेल तर बाथरूमच्या फरशीवर पाऊल टाकण्याआधी ते नीट पुसून घ्यावं. आजीचा धडपा त्यासाठीही होता.