मोजपट्टी, सुई आणि सोळावं शतक

स्वीडनमधल्या उप्साला शहराच्या कॅथेड्रलमध्ये तीन पुरुषांचे कपडे जपून ठेवलेले आहेत. १५६७च्या मे महिन्यात राजा चौदावा एरिक याच्या डोक्यात संशयाचं भूत शिरलं आणि त्याने कैदेत टाकलेला सरदार स्वान्ते स्टूरे आणि त्याची निल्स व एरिक ही दोन मुलं यांचा जीव घेतला. निल्सवर तर राजाने स्वतः वार केला. स्वान्तेची विधवा मार्ता हिने तिघांच्या अंगावरचे कपडे पेटीत घालून ठेवले. अन्यायाची साक्ष राहावी, हा तिचा हेतू असावा. वारांच्या खुणा त्या कपड्यांवर आजही आहेत. पण आज दूरदूरची माणसं ज्या कारणासाठी या कपड्यांचा अभ्यास करतात, ते मार्ताच्या स्वप्नातही आलं नसतं. विजारीच्या चुण्या कंबरपट्टीत कशा बसवल्या, अस्तर कुठे पकडलं, काजं किती अंतरावर केली, हे त्यांना हवं असतं; कारण तशीच विजार त्यांना घरी बसून स्वतःच्या हाताने शिवायची असते.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी जगावेगळ्या छंदांवर लेख मागितला, तेव्हा युरोपातल्या रेनेसाँ काळचे कपडे हाताने शिवणाऱ्या आणि त्यांवर कशिदा काढणाऱ्या हौशी मंडळींचा विषय मीच सुचवला. मनात होती ती रंगीत जत्रा: मखमली झगे, पिसांच्या टोप्या, गळ्याभोवती खळ दिलेली कडक झालर. जत्रेची माहिती पटकन गोळा झाली. अडकायला झालं ते दुसरीकडेच, मोजमापं घेणाऱ्या एका बाईपाशी आणि एका टाक्यापाशी.

जत्रेचा इतिहास थोडक्यात असा. १९६३मध्ये लॉस एंजेलिसला फिलिस आणि रॉन पॅटरसन या जोडप्याने एका रेडिओ केंद्राच्या मदतीसाठी ‘रेनेसाँ प्लेझर फेअर’ भरवली. १ मे १९६६ रोजी बर्कलीत लेखिका डायना पॅक्सन यांच्या घरामागच्या अंगणात काही मित्रमंडळी जुन्या काळच्या वेशात जमली, ढाल-तलवारीचे खेळ झाले, आणि त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह ॲनाक्रॉनिझम’ ही संस्था उभी राहिली. संस्थेने जगाची वाटणी आपल्या ‘राज्यां’त करून टाकली आहे. सतराव्या शतकाच्या आधीचा वेश करण्याचा निदान प्रयत्न तरी करा, एवढीच कार्यक्रमाला येणाऱ्याकडून अपेक्षा. कलाकुसरीत जे पुढे जातात त्यांना ‘लॉरेल’ हा मान मिळतो.

ज्या काळाची ही हौस, त्या काळात ती परवडली नसती. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथने १५७४मध्ये फर्मान काढून कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणतं कापड अंगावर घालायचं ते ठरवून दिलं होतं. जांभळं रेशीम राजघराण्याचं आणि वरच्या मोजक्या सरदारांचं. आता कॅलिफोर्नियातला एखादा कारकून शनिवार-रविवार ड्यूक होऊन मिरवतो. त्याला अडवायला शिपाई नाही. अडवते ती त्याची स्वतःची शिलाई.

ती शिलाई सुधारायची तर सगळे रस्ते जॅनेट अर्नोल्ड यांच्या पुस्तकांकडे जातात. अर्नोल्डबाई ब्रिस्टलच्या, जन्म १९३२चा. त्यांच्या तरुणपणी पोशाखांचा इतिहास बराचसा चित्रांवरून लिहिला जाई. बाईंनी संग्रहालयांच्या कोठारांत जाऊन प्रत्यक्ष कपडा हातात घेतला आणि तो उलटा केला. शिवणीत दबलेलं कापड किती, धाग्याची दिशा कुठली, अस्तराला जोड कुठे दिला, शिंप्याने कुठे घाई केली, हे सगळं मोजून त्या चौकटींच्या कागदावर एका इंचाला अष्टमांश इंच अशा प्रमाणात उतरवायच्या. ‘पॅटर्न्स ऑफ फॅशन’ या मालिकेचं पहिलं पुस्तक १९६४चं. या छंदाला ज्याने खरा पाया दिला, तो १५६० ते १६२० या काळातल्या कपड्यांचा खंड १९८५मध्ये आला. उप्सालाच्या स्टूरेंचे कपडे त्यात आहेत. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दि तोलेदो हिला १५६२मध्ये ज्या पोशाखात पुरलं, तोही त्यात आहे.

एलिओनोराची गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी. ब्रॉन्झिनोने रंगवलेलं तिचं चित्र प्रसिद्ध आहे: भरजरी झगा आणि शेजारी लहानगा मुलगा. त्याच झग्यात तिला पुरलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जाई. १९४७मध्ये थडगं उघडलं, पुढे पिट्टी राजवाड्यात त्या जीर्ण वस्त्रांवर वर्षानुवर्षं संवर्धनाचं काम चाललं, आणि हाती आला तो मखमली पट्ट्या लावलेला साटिनचा वेगळाच झगा. चित्राने जपलेल्या दंतकथेचा निकाल कापडाने लावला.

अर्नोल्डबाई १९९८मध्ये गेल्या. लिननच्या सदऱ्यांवरचा आणि झालरींवरचा त्यांचा अपुरा खंड जेनी तिरामानी आणि सँटिना लेव्ही यांनी पुरा करून २००८मध्ये काढला. लंडनच्या ‘स्कूल ऑफ हिस्टॉरिकल ड्रेस’मधून तिरामानी आणि त्यांचे सहकारी हे काम पुढे नेत आहेत. मला अर्नोल्डबाईंचं मोठेपण वाटतं ते असं, की त्यांनी आपलं ज्ञान मापांच्या रूपात दिलं. मत मानायचं की नाही हे वाचणाऱ्यावर असतं. माप मात्र कुणीही कापडावर घालून तपासू शकतो.

असं तपासताना काय हाती लागतं? सोळाव्या शतकातल्या रेशमी कापडाचा पन्हा साधारण ५५ ते ६० सेंटिमीटरचा. कापड शिलाईच्या मजुरीपेक्षा कितीतरी महाग. हुआन दे अल्सेगा याने १५८०मध्ये माद्रिदला शिंप्यांसाठी पुस्तक छापलं. त्यातली पानंच्या पानं इतक्या पन्ह्याच्या कापडातून अमुक झगा कसा बेतायचा याच्या आकृत्यांनी भरलेली आहेत. म्हणून खऱ्या जुन्या कपड्यांत घेराच्या टोकाला, काखेत, जिथे नजर जात नाही तिथे छोटे छोटे जोड सापडतात. आजच्या कापडाचा पन्हा मोठा, जोडाची गरज नाही. तरी काही हौशी माणसं अरुंद पन्ह्याचं कापड धरून बेततात आणि तिथेच जोड देतात. हा निव्वळ हट्ट वाटेल. पण तसं बेतल्यावरच कळतं, की त्या शिंप्याच्या कात्रीवर फॅशनपेक्षा कापडाच्या किमतीचा धाक जास्त होता.

आता तो टाका. पांढऱ्या लिननवर काळ्या रेशमाने काढायचा कशिदा ट्यूडर इंग्लंडमध्ये फार चालला. त्याला स्पॅनिश काम म्हणत आणि १५०१मध्ये स्पेनहून आलेल्या अरागॉनच्या कॅथरीनशी त्याची लोकप्रियता जोडली जाते. व्हिएन्नाच्या संग्रहालयात हान्स होल्बाइनने १५३६च्या सुमारास रंगवलेलं राणी जेन सीमोरचं चित्र आहे. तिच्या मनगटावरच्या झालरीत हा कशिदा इतका बारकाईने उतरला आहे की आजही लोक त्यावरून नक्षी घेतात. झालर वळते, त्यामुळे कापडाच्या दोन्ही बाजू दिसतात. म्हणजे कशिद्याला उलटी बाजू असून चालणार नाही.

त्यावरचा तोडगा म्हणजे दुहेरी धावदोरा. जाताना एक टाका वर, एक खाली. परतताना राहिलेल्या जागा भरायच्या. सरळ रेषेत हे शाळकरी पोरही करेल. पण वेलीला फांदी फुटली की डोकं चालवावं लागतं. फाटा आला की मूळ वाट सोडायची, फांदीच्या टोकापर्यंत जायचं, तिथून फिरून फाट्यावर यायचं आणि मग पुढे निघायचं. फांदीवर जाताना जितके टाके तितकेच येताना, म्हणून त्यांची बेरीज कायम सम. त्यामुळे फाट्यावर परतलेली सुई फांदीत शिरताना ज्या बाजूला होती त्याच बाजूला असते आणि मुख्य वाटेवरची वर-खाली लय मोडत नाही. नक्षी सलग जोडलेली असेल, तर ती कितीही गुंतागुंतीची असो, एकही गाठ न मारता निघालेल्या भोकाशी परत येता येतं. ऑयलरने १७३६मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं सोडवून ज्या गणिताची सुरुवात केली, त्या गणितात हे नेमकं बसतं. सुई धरणाऱ्या बायकांच्या हातात ते त्याआधी दोनशे वर्षं होतं.

मॅटीच्या कापडावर हा टाका घालून बघताना मला तो ओळखीचा वाटला, आणि वाटायलाच हवा होता. धारवाडकडच्या कसुतीतला गवंती टाका तो हाच. तिथेही छापा उमटवत नाहीत, कापडाचे धागे मोजत जातात. तिथेही गाठ नाही आणि दोन्ही बाजू सारख्या. सोलापूर-कोल्हापूरकडच्या कित्येक कपाटांत अशी कसुती काढलेली इरकल असेल: गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती. साडीचा पदरही झालरीसारखाच दोन्हीकडून दिसतो. अडचण एक, तेव्हा उत्तरही एक.

एकट्या माणसाच्या हौसेला मर्यादा असते, पण हौशी माणसं एकत्र आली तर काय होतं याचा दाखला मॅसॅच्युसेट्समधल्या, तेव्हा प्लिमथ प्लांटेशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाने दिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीची कशिद्याने भरलेली जाकिटं आहेत. त्यांवरून एक नवं जाकीट पूर्ण हाताने बनवायचं, असं प्लिमथने २००७मध्ये ठरवलं. शेकडो स्वयंसेवक आले आणि त्यांनी साडेतीन हजारांहून जास्त तास सुई चालवली. पाकळ्या भरायला काजटाका, तोही सुट्टा: फक्त कडेला कापडात धरलेला, मधला भाग कापडापासून मोकळा, त्यामुळे शेंगेचं टरफल उघडून आतले दाणे दाखवता येतात. वेलीचा देठ सोनेरी धाग्याच्या वेणीटाक्याचा. हा टाका पुस्तकातल्या आकृतीवरून सहजी वळत नाही. शिवाय रेशमाला सोन्याचा मुलामा दिलेली बारीक पट्टी गुंडाळून पीळ दिलेला, त्या जाकिटांत वापरलेला धागा बाजारात मिळतच नव्हता. प्रकल्पातल्या कशिदातज्ज्ञ ट्रिशिया विल्सन न्यूएन यांच्या खटपटीतून तो नव्याने तयार करून घ्यावा लागला.

इथून अडचणींची यादी सुरू होते, आणि ती लांब आहे.

पहिली मालाची. शुद्ध रेशमी मखमल बहुतेकांच्या आवाक्याबाहेर, म्हणून सुती मखमलीवर भागवतात. अनेक जण भारतातून गेलेलं ड्युपियन रेशीम घेतात, कारण ते त्यातल्या त्यात स्वस्त. पण त्यातल्या ज्या गाठी आज शोभेच्या मानल्या जातात, त्या सोळाव्या शतकातल्या व्यापाऱ्याने दोष म्हणून नाकारल्या असत्या. खास धागे थोड्या प्रमाणात निघतात. मागणी आटली की बनवणारा थांबतो, आणि अर्धा झालेला कशिदा तसाच राहतो.

दुसरी अडचण पुराव्याची. चित्रात माणूस समोरून दिसतो. झग्याची पाठ कशी होती, नाड्या कुठे आवळल्या होत्या, हे चित्र सांगत नाही. आणि टिकले ते कपडे श्रीमंतांचे. कोळणीचा, मोलकरणीचा, नांगऱ्याचा कपडा ठिगळं लावून लावून वापरला गेला आणि शेवटी चिंधी होऊन संपला. म्हणून या छंदात ड्यूक उदंड आणि शेतकरी थोडे. कुणी शेतकऱ्याचा वेश शिवायला घेतलाच, तर त्याला सरदारापेक्षा जास्त अभ्यास करावा लागतो.

तिसरी अडचण खुद्द काळ्या धाग्याची, आणि मला सगळ्यांत जास्त चटका तिनेच लावला. त्या काळचा काळा रंग मायफळ आणि हिराकस यांपासून करत. हे मायफळ आपल्या बाळगुटीतलंच. त्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह मिळून गडद काळा रंग होतो, पण तेच लोह पुढे धागा आतून खात जातं. संग्रहालयांतल्या कित्येक नगांवरचं काळं रेशीम झडून गेलं आहे; लिननवर उरली आहेत फक्त सुईची भोकं. अभ्यासक ती भोकं मोजून नक्षी परत मांडतात. हौशी माणूस आधुनिक रंगाचं रेशीम वापरतो, तेव्हा त्याची नक्कल मूळ वस्तूपेक्षा जास्त टिकणार असते.

चौथी अडचण माणसांची. सुट्ट्या काजटाक्याने एक फूल भरायला पुष्कळ तास जातात, डोळे थकतात, मान आखडते. जाड चोळी घालायला आणि मागच्या नाड्या आवळायला दुसरं माणूस लागतं. त्यात दोन पंथांची भांडणं. एक म्हणतो, दहा फुटांवरून खरा दिसला की झालं, आतून मशीनची शिलाई असली तर कुणाचं काय जातं? दुसरा आतल्या शिवणीवरून नवख्याची परीक्षा घेतो. या परीक्षेपायी पहिल्याच झग्यावर हौस सोडून दिलेले लोक असतात. दुसऱ्या पंथाचा अभ्यास मला मान्य आहे, तोरा नाही. हाताने शिवलेला पहिला झगा ओबडधोबडच असणार. सोळाव्या शतकातल्या शिकाऊ पोराचाही तसाच असे. फरक एवढाच की त्याला शिकवायला उस्ताद शेजारी होता आणि शिकायला कित्येक वर्षं होती.

एवढं करून हे लोक करतात काय? वेषांतर, असं वरवर पाहणारा म्हणेल. माझं मत बदललं आहे. संग्रहालय कापड टिकवतं, पण ते कापड करणारा हात काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. हातातली विद्या हातानेच पुढे जाते, आणि पोटासाठी ती करणारे संपले की हौशी माणसांखेरीज तिला वाली उरत नाही.

यातलं एक काम आपल्यालाही जमण्याजोगं आहे. घरात आजीची इरकल, चंद्रकळा किंवा हाताने शिवलेली जुनी चोळी असेल, तर ती एकदा नीट उजेडात उलटी करून बघा. टाके मोजा, जोड कुठे आहेत ते बघा, पन्हा मोजा आणि चौकटींच्या वहीत मापासकट उतरवा. कुणी काढली, कुठे काढली हे ठाऊक असलेलं माणूस घरात असेल, तर त्याला आजच विचारा आणि तेही त्याच पानावर लिहा. मग एखादी नक्षी मॅटीवर काढायला घ्या.