केमोचं लाल औषध आणि आपले कामाचे हात

आम्ही वर्तकनगरमधून बोलतोय. इथून कितीतरी बायका ठाण्याची लोकल धरून परळच्या टाटा हॉस्पिटलला केमोसाठी जातात. आम्हाला त्या हमखास विचारतात, "ताई, ते नॅनोवालं औषध म्हणजे काय गं? ते चांगलं म्हणे."

तर ऐका. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं जुनं औषध, रंगाने लाल. ते कॅन्सरच्या पेशी मारतं, पण रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. म्हणून केस गळतात, तोंड येतं. मात्रा फार झाली तर हृदय कमजोर होतं. मग शास्त्रज्ञांनी ते चरबीच्या कणात भरलं, मोदकात सारण भरतो तसं. हा कण केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढा. निरोगी रक्तवाहिनी म्हणजे मैद्याची बारीक चाळण, त्यातून तो सहज निसटत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईने वाढलेल्या, त्यांची भोकं मोठी. तिथून तो झिरपतो. त्यामुळे हृदयाला त्रास कमी होतो. मात्र सगळ्याच गाठींत तो सारखा शिरत नाही.

अमेरिकेत हे औषध १९९५ साली मंजूर झालं. २०१२ साली तिथे तुटवडा पडला, तेव्हा आपल्या मुंबईच्या सन फार्मा कंपनीचं औषध तिकडे गेलं. अंडाशयाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये ते वापरतात.

पण याचाही त्रास आहे. हे कण कातडीत साचतात. तळहात-तळपाय लाल होतात, आग होते, साल निघते. म्हणून सलाईन घेतल्यावर काही दिवस कढत पाणी, जोर लावून भांडी घासणं, कपडे पिळणं, घट्ट चप्पल टाळा. गटातल्या बायकांनी पाळी लावून तिचं पाणी भरावं, धुणं करावं. एकदोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका. मात्र ताप आला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

औषध महाग आहे. दागिने मोडण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. माझ्या कॅन्सरला हे लागू आहे का? जुन्या औषधापेक्षा मला काय फायदा? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसेल का? विचारायला लाजू नका. एकटीला धीर होत नसेल, तर गटातली एखादी सोबत न्या.