खिडकीच्या काचेवरील ओल आणि बुरशी
ब्रिटनसारख्या थंड देशांत हिवाळ्यात काचांवर आतून साचणारे पाणी सहसा बाहेरून झिरपलेले नसते, तर स्वयंपाक, अंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे आणि माणसांचा श्वास यांतून हवेत मिसळलेल्या बाष्पाचे ते असते. ज्या तापमानाला या बाष्पाचे पाणी होऊ लागते, त्याला दवबिंदू म्हणतात; 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि 50 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या, म्हणजे सामावू शकणाऱ्या बाष्पाच्या निम्मेच बाष्प असलेल्या, हवेचा दवबिंदू सुमारे 9 अंश असतो, आणि बाहेर पाणी गोठत असताना एकेरी काच आतूनही बहुधा त्याहून थंड होते. बुरशीला मात्र थेंबांचीही गरज नसते, कारण पृष्ठभागालगतची आर्द्रता दीर्घकाळ 80 टक्क्यांच्या वर राहिली की लाकडी चौकट, रंग व धूळ यांवर ती वाढू लागते. म्हणून रोज सकाळी काच पुसणे आवश्यक असले तरी पुरेसे नव्हे. खरा उपाय बाष्प घराबाहेर घालवण्याचा आहे. बाहेरची हवा दमट भासली तरी थंडीमुळे तिच्यात प्रत्यक्ष बाष्प थोडेच असते व घरात तापल्यावर ती कोरडी ठरते, त्यामुळे समोरासमोरच्या खिडक्या काही मिनिटे उघडणे कडाक्याच्या थंडीतही हितकारक असते. जाड पडदे खोलीची ऊब काचेपर्यंत पोहोचू देत नाहीत व त्यामुळे काच आणखी थंड होऊन ओल वाढते, ही बाब फारच दुर्लक्षित राहते.