बेलोऱ्याच्या धावपट्टीवर कोणतं छोटं जेट उतरू शकतं? माहितीपत्रकातला आकडा आणि उन्हाळ्यातला हिशेब

अमरावती : बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 ला मुंबईचं प्रवासी विमान सुरू झालं, तेव्हापासून जिल्ह्यात विमानाच्या गप्पा वाढल्या आहेत. पंख्याच्या 'एटीआर 72' मध्ये बसून आलेली माणसं आता गावात आहेत. त्याच्या जोडीला अधूनमधून एखादं पांढरं, टोकदार नाकाचं छोटं जेट उतरतं. नेता आला, उद्योगपती आला, नाहीतर एखादा रुग्ण नागपूर-मुंबईला न्यायचा असतो. मग पारावर प्रश्न निघतोच, 'हे इथं उतरतं, तर आमच्याकडच्या लहान पट्टीवर का नाही उतरत?'

या प्रश्नाचं उत्तर विमानाच्या किमतीत किंवा वेगात नाही. ते धावपट्टीच्या मीटरमध्ये आहे, आणि त्याहून जास्त मे महिन्यातल्या उन्हात आणि जुलैतल्या पावसात आहे.

जगभर 'लाइट जेट' म्हणून जी विमानं विकली जातात, त्यात सहा ते दहा माणसं बसतात आणि मागे दोन इंजिनं असतात. तुलनेला तीन घेऊ. पहिलं अमेरिकेतलं सेसना सायटेशन सीजे4, दुसरं ब्राझीलच्या एम्ब्रेअर कंपनीचं फेनॉम 300ई, तिसरं स्वित्झर्लंडचं पिलाटस पीसी-24. फेनॉम हे गेल्या दशकभरात या गटात सर्वाधिक विकलं गेलेलं विमान. पीसी-24 सगळ्यात नवं. त्याचं पहिलं उड्डाण 2015 मध्ये झालं आणि 2017 च्या डिसेंबरात प्रमाणपत्र मिळालं.

वेगाचं आधी उरकून टाकू, कारण सगळ्यात जास्त चर्चा त्याचीच होते आणि उपयोग सगळ्यात कमी. फेनॉम ताशी सुमारे 859 किलोमीटरपर्यंत जातं, सीजे4 साधारण 835, पीसी-24 साधारण 815. अमरावती ते मुंबई सरळ हवाई अंतर 540 किलोमीटरच्या आसपास. पूर्ण वेगानं गेलं तरी सगळ्यात जलद आणि सगळ्यात हळू विमानात फरक पडतो दोन मिनिटांचा. मुंबईच्या आकाशात उतरायला नंबर लागेपर्यंत त्याहून जास्त वेळ घिरट्या घालण्यात जातो. पल्ला तिघांचाही 3,700 किलोमीटरच्या घरात किंवा त्यापुढे आहे. राज्यातल्या राज्यात फिरणाऱ्याला त्यातला निम्मासुद्धा लागत नाही.

खरा फरक जमिनीवर

विमानाच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात : टेकऑफला किती धावपट्टी लागते आणि लँडिंगला किती. सीजे4 ला टेकऑफसाठी 1,039 मीटर, फेनॉमला 978, पीसी-24 ला साधारण 940. लँडिंगला सीजे4 896 मीटर, पीसी-24 724 आणि फेनॉम 674. हे वाचून कुणालाही वाटेल, किलोमीटरभर डांबरी पट्टी असली की झालं काम.

तसं नाही. टेकऑफचा आकडा म्हणजे चाकं जमीन सोडेपर्यंतचं अंतर नव्हे. धावता धावता नेमक्या नको त्या क्षणी एक इंजिन बंद पडलं, तर वैमानिकाला दोन्ही मार्ग खुले हवेत : उरलेल्या पट्टीत थांबता आलं पाहिजे, किंवा एकाच इंजिनावर उठून 35 फूट उंची गाठता आली पाहिजे. या दोन्ही गोष्टी ज्यात बसतात ते अंतर म्हणजे हा आकडा. शिवाय उठल्यावर एका इंजिनावर नियमानं ठरलेला किमान चढ चढता आला पाहिजे. हे जमत नसेल तर धावपट्टी कितीही लांब असली तरी वजन कमी करावं लागतं. एक तर इंधन उतरवा, नाहीतर माणसं.

लँडिंगचा आकडा मोजतात तो विमान धावपट्टीच्या उंबरठ्यावर 50 फुटांवर असल्यापासून ते पूर्ण थांबेपर्यंत. तोही चाचणी वैमानिकानं, कोरड्या पट्टीवर, ठरलेला वेग काटेकोर धरून, जोरात ब्रेक दाबून मिळवलेला. आणखी एक मेख आहे. सगळ्या कंपन्या हा आकडा एकाच वजनाला धरून छापत नाहीत. कुणी जास्तीत जास्त वजन धरतं, कुणी प्रवासाच्या शेवटी हलकं झालेलं विमान धरतं. दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून 50 मीटरच्या फरकावरून हे चांगलं, ते वाईट ठरवणं म्हणजे एकाचं माप आदलीनं आणि दुसऱ्याचं पायलीनं घेण्यासारखं आहे.

आता नियम बघा. भाड्यानं प्रवासी नेणाऱ्या जेटसाठी अमेरिका आणि युरोपातला मूळ नियम असा, की विमान उपलब्ध धावपट्टीच्या 60 टक्क्यांत थांबलं पाहिजे. बाकीचे 40 टक्के चुकीसाठी राखून. पट्टी ओली असेल तर जे अंतर निघतं त्यात आणखी 15 टक्के भर. हाच तराजू आपल्याकडे लावून पाहू.

बेलोऱ्याची पट्टी विस्ताराआधी 1,372 मीटरची होती, म्हणजे बरोबर साडेचार हजार फूट. सीजे4 चा 896 मीटरचा आकडा या नियमात बसवला की कोरड्यातच 1,493 मीटर लागतात. म्हणजे जुन्या पट्टीवर ते पूर्ण वजनानं नियमात उतरूच शकत नव्हतं. पीसी-24 ला कोरड्यात 1,207 मीटर पुरतात, पण पाऊस पडला की 1,388. फक्त 16 मीटरनं अपुरं. फेनॉम ओल्यातही 1,292 मीटरमध्ये कागदावर बसतं, तेही त्याच्या छापील हलक्या आकड्यावर. आता पट्टी 1,850 मीटरची झालीय. ओल्या पट्टीवर सीजे4 ला लागणारे 1,717 मीटरही त्यात मावतात. पट्टी 478 मीटरनं वाढली म्हणजे नेमकं काय बदललं, ते इथं दिसतं. एटीआर आलं हे सगळ्यांनी पाहिलं. पावसाळ्यातल्या लहान जेटलाही जागा झाली, हे फारसं कुणी बोललं नाही.

चिखलदऱ्याहून उंच बेलोरा

वरचा सगळा हिशेब मात्र समुद्रसपाटीचा आणि 15 अंश तापमानाचा आहे. जगातले सगळे छापील आकडे याच हवेवर काढतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता अमरावतीत 15 अंश कुठून आणायचे?

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाला जोर कमी. त्यामुळे तेवढीच उचल मिळवायला विमानाला जास्त वेगानं धावावं लागतं. बेलोऱ्याची उंची साधारण 343 मीटर. पारा 42 अंशांवर असताना हिशेब केला तर तिथली हवा विमानाला 1,400 मीटर उंचीवरच्या हवेसारखी वाटते. चिखलदरा आहे 1,100 मीटरवर. म्हणजे उन्हाळ्यातल्या दुपारी बेलोऱ्यात उभं असलेलं विमान स्वतःला चिखलदऱ्याच्याही वर समजतं, आणि तशीच धाव मागतं. म्हणूनच तापलेल्या दिवसांत छोटी जेट सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर निघालेली दिसतात. त्याला साहेबांची वेळ जबाबदार असते असं दरवेळी नाही.

पावसाळ्यात अडचण उलटी. या तिन्ही विमानांच्या इंजिनांना मोठ्या विमानांसारखा उलटा जोर लावायची सोय नाही. वजन आणि खर्च वाचवायला ती ठेवलेली नसते. उतरल्यावर सगळी भिस्त चाकांचे ब्रेक आणि पंखांवर उघडणाऱ्या पट्ट्यांवर. धावपट्टीवर पाणी साचलं की टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक असून नसल्यासारखा होतो. त्यात वैमानिकानं वेग थोडा जास्त ठेवला तर आणखी वाईट. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं : वेग 10 टक्के जास्त, तर अंतर 21 टक्के जास्त. ताशी 200 ऐवजी 220 किलोमीटरनं पट्टीवर आलं, की कागदावरचे 724 मीटर पावणेनऊशे झाले. मागून वारा असेल तरी हाच हिशेब.

म्हणून कॉकपिटमधली यंत्रं बघताना स्क्रीन किती मोठी, याला फार महत्त्व देऊ नये. फेनॉममध्ये गार्मिन कंपनीच्या जी3000 वर बेतलेली, बोटानं चालणारी स्क्रीन आहे. सीजे4 मध्ये कॉलिन्सची जुनी पण मुरलेली प्रो लाइन 21 असते. पुढच्या पिढीत तेही गार्मिनकडे जाणार असल्याचं कंपनीनं जाहीर केलंय. पीसी-24 मध्ये हनीवेलवर आधारित यंत्रणा. तिन्ही एका वैमानिकानं उडवता येतील अशी प्रमाणित आहेत. लहान पट्टीच्या दृष्टीनं यातलं सगळ्यात कामाचं यंत्र फेनॉममध्ये 2020 पासून आलं. विमान फार वेगानं किंवा फार उंचावरून येतंय आणि आहे तेवढ्या पट्टीत थांबणार नाही असं दिसलं, तर ते वैमानिकाला आधीच बजावतं. अमुक विमान घ्या असं कुणी म्हणालं तर ही सोय त्यात आहे का, हे आधी विचारावं.

दुसरं महत्त्वाचं, वाट दाखवणारी यंत्रणा. मोठ्या विमानतळांवर आयएलएस असते, ती ढगातून विमानाला रेडिओच्या आधारे पट्टीपर्यंत उतरवते. बहुतेक लहान पट्ट्यांवर ती नसते, कारण ती महाग आणि तिची देखभाल त्याहून महाग. तिथं वैमानिक डोळ्यांनी पाहून उतरतो, आणि त्यासाठी साधारण 5 किलोमीटर दृश्यता लागते. हिवाळ्यात सकाळी धुकं पडलं की विमान वरून परत जातं, मग आत 100 कोटींची यंत्रं का असेनात.

यावर आपल्याच देशात उपाय तयार आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी मिळून उभारलेली 'गगन' ही उपग्रह यंत्रणा जीपीएसची चूक इतकी कमी करते, की जमिनीवर महागडी उपकरणं न बसवताही उंचीसह उतरण्याची वाट आखता येते. एप्रिल 2022 मध्ये राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोच्या एटीआरनं या पद्धतीनं उतरून दाखवलं. आजच्या लाइट जेटमध्ये तसा स्वीकारक असू शकतो. पण विमानात यंत्र असून भागत नाही. त्या धावपट्टीसाठी तशी वाट सर्वेक्षण करून, मंजूर करून प्रसिद्ध व्हावी लागते. पट्टी वाढवण्याच्या मागण्या निवेदनात असतात, ही मागणी क्वचितच दिसते.

मातीवर उतरणारं जेट

पीसी-24 चं नाव होतं ते यासाठी. हे जेट डांबर नसलेल्या पट्टीवर उतरायला प्रमाणित आहे : खडी, माती, गवत, बर्फ. इंजिनं पंखांच्या वर, मागे उंच बसवलेली, म्हणजे चाकानं उडालेली खडी आत जात नाही. मुख्य चाकं जोडीजोडीनं, हवा कमी दाबाची. मागच्या बाजूला सव्वा मीटरपेक्षा मोठं सामानाचं दार, त्यातून स्ट्रेचर सरळ आत सरकतं. ऑस्ट्रेलियातली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस 1928 पासून ओसाड भागातल्या गुरांच्या वाड्यांवर विमानानं डॉक्टर पोचवते. तिनं 2018 च्या अखेरीपासून हे विमान वापरायला घेतलं. त्यात तीन रुग्ण झोपवून नेता येतात.

हे ऐकून धारणीच्या माळावर जेट उतरवायचं स्वप्न कुणी पाहील. ऑस्ट्रेलियातली लाल माती कोरडी आणि घट्ट असते. आपली काळी माती पावसात बैलगाडी गिळते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. मातीच्या पट्टीवर उतरण्यासाठी मातीची भार सोसण्याची ताकद आधी मोजावी लागते, आणि दाबलेल्या मुरमाशिवाय आपल्याकडे ती पास होणं कठीण. शिवाय मेळघाटातला रुग्ण आधी दीडशेच्या आसपास किलोमीटर घाट उतरून अमरावतीला येतो. त्या टप्प्यात कुठलंच जेट कामाचं नाही, तिथं हेलिकॉप्टर किंवा चांगली रुग्णवाहिका लागते.

अमरावतीहून पुढे मात्र प्रश्न उरतो, आणि तिथं जेटला एक साधा स्पर्धक आहे : बीचक्राफ्ट किंग एअरसारखं पंख्याचं टर्बोप्रॉप. देशात हवाई रुग्णवाहिका म्हणून ते वर्षानुवर्षं वापरात आहे. वेग ताशी पाचशेच्या घरात, म्हणजे मुंबईला जेटपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त. पण त्याचे पंखे उतरल्यावर उलटा जोर लावतात, ओल्या पट्टीवर ब्रेकवरचा भार हलका होतो, आणि तासाचा खर्च कमी येतो. रुग्णाच्या नातेवाइकांनी विमान ठरवताना 'जेट आहे का' असं विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात : आज, या तापमानाला, या वजनाला पट्टी पुरते का, पट्टी ओली असेल तर काय, आणि दृश्यता नसेल तर पर्यायी विमानतळ कोणता. अमरावतीसाठी तो बहुतेक वेळा नागपूर असतो. मग रुग्णवाहिका तिकडे वळवायची की थांबायचं, हे निघण्याआधीच ठरवता येतं.